कुठेही चालणारा

वेंटवर्थव्हिल, सिडनी
२ नोव्हेंबर २०२४

चि. सोहम यास अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू 'ऑल गुड' म्हणून सुटतोस, म्हणून कागदावर गाठते आहे. रडत रडत का होईना, रविवारच्या मराठी शाळेत गेलास, त्याचा आता उपयोग होऊ दे.

ॲडलेडच्या टीमने तुला शॉर्टस्टॉप म्हणून घेतलं, हे कळल्यापासून बाबा हवेत आहेत. मुलगा बेसबॉलमध्ये नक्की कुठे खेळतो असं कुणी विचारलं, की इतकी वर्षं ते 'सगळीकडे' म्हणायचे. आता किराणा दुकानात धने-जिऱ्याची पाकिटं मांडून, शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली सगळ्यात अवघड जागा, असं समजावतात. पहिल्या मॅचला ते ॲडलेडला येत आहेत.

या जागेसाठी तू शाळेतली पीई टीचरची कायमची नोकरी नाकारलीस, हे मला टोचतं. पण तिशी उलटल्यावर का होईना, स्वतःची जागा मिळाली, म्हणून गप्प बसते.

माया आहेच. बाबा यायच्या आत दाढी कर.
तुझी आई

ॲडलेड
१८ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

बाबा काही बोलले नसतील, म्हणून मीच लिहितो. मॅचच्या दिवशी दुपारी मॅनेजरने मला बाजूला घेतलं. कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल धरतो त्याचा, खांदा निखळला होता, आणि अमेरिकेहून एक बावीस वर्षांचा मुलगा नुकताच आला होता. त्याच्या तिकडच्या क्लबला तो शॉर्टस्टॉपलाच खेळायला हवा होता. मॅनेजर म्हणाला, की तुझं एक बरं आहे, तू कुठेही चालतोस. मी नेहमीसारखं हो म्हटलं.

अठराव्या वर्षी अमेरिकेत गेलो, तेव्हापासून हेच. सेकंड बेसवर जम बसला, की क्लबचा लाडका कुणीतरी तिथे यायचा आणि मी थर्डला जायचो. तिथेही कुणी आला, की लांब आउटफिल्डमध्ये. कोच तोंडभर कौतुक करायचे. वरच्या टीममध्ये मात्र मी ज्याला जागा करून दिली, तो जायचा. मला काढून टाकलं, तेव्हासुद्धा 'व्हॅल्युएबल' म्हणाले.

मी बॅटरच्या मागे उकिडवा बसलो होतो, तोंडावर जाळीचा मास्क. बाबांनी मुद्दाम शॉर्टस्टॉपजवळची सीट घेतली होती. ते त्या मुलाकडे बघायचे, मग बेंचवर मला शोधायचे. उंच उडालेला बॉल धरायला मी मास्क फेकला, तेव्हा कुठे त्यांना दिसलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या गं. तेच सहन झालं नाही.

राग नसावा.
सोहम

वेंटवर्थव्हिल
३० नोव्हेंबर

चि. सोहम यास आशीर्वाद.

बाबा परत आले ते 'हवा छान होती' एवढंच म्हणाले. किराणा दुसऱ्या दुकानातून आणतात.

त्यांच्या कारखान्यातही असंच झालं. त्यांना सगळी मशिन्स येत, म्हणून जो रजेवर जाईल त्याच्या जागी यांना उभं करायचे. सुपरवायझर मात्र दरवेळी दुसराच झाला. मिळेल त्याला हो म्हणावं, हे ते तुला कायम सांगत आले. काल जेवताना म्हणाले, की त्याला लिही, एकदा तरी नाही म्हण. मला सांगवत नाही, म्हणाले.

गुडघे शेक. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
आई

ॲडलेड
२७ जानेवारी २०२५

ती. आईस सा. न.

सीझन संपला. सगळा सीझन मी कॅचरच होतो, गुडघे सुजलेत. तो मुलगा अमेरिकेला परत गेला, म्हणजे जागा रिकामी झाली. काल मॅनेजरने बोलावलं, तेव्हा मला वाटलं, आता तरी. त्याने सांगितलं, की पुढच्या वर्षी नव्या पोरांना शॉर्टस्टॉप शिकव, आणि कमी पडेल तिथे उभा राहा.

मी नाही म्हटलं. शॉर्टस्टॉप, नाहीतर काहीच नाही. तो वाद घालेल, विचार कर म्हणेल, असं वाटलं. मी मनात उत्तरंही जुळवली. तो 'नो वरीज, मेट' म्हणाला, हात मिळवला, आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत त्याने फोन लावला. पलीकडे जो कुणी होता, त्याला तो विचारत होता, की कॅचिंगही जमेल ना. त्याला जमत असावं. मॅनेजर खूश होऊन हसला.

बाबांना नमस्कार. मी नाही म्हटलं, एवढंच त्यांना सांग. पुढचं सांगू नकोस.

तुझा,
सोहम