प्रसादाच्या गोळ्या

४ नोव्हेंबर
काल सकाळी टेम्पोतून सामान उतरण्याआधी मी देव उतरवले. क्वार्टर एकाच खोलीचं, पण पूर्वेला कोनाडा आहे. त्यात मारुती आणि अन्नपूर्णा मांडली. पन्नाशीला टेकल्यावर राइस मिलची दिवसपाळीची चौकीदारी मिळाली, चोरखमारा गावच्या धानशेतीतून पगारावर आलो. बायकोनं, रामकलीनं, दूध उतू घातलं. शेजारचा ट्रकड्रायव्हर इंद्रकुमार चहाला आला. म्हणाला, सेवकरामभाऊ, मशीन चालू असली का झोप नाही, अन् बंद पडली का पगार नाही. खूप हसलो.

१२ नोव्हेंबर
हंगाम आहे, मिल थांबतच नाही. भिंत थरथरते. झोप येईना म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, थोडेच दिवस, मनानं वाढवायच्या नाहीत. आमच्याकडे औषध आधी देवापुढे ठेवतात, मग तीर्थासोबत घेतात. तशीच घेतली. रामकली म्हणाली, काऊन जी, मारुतीलेबी झोप नाही येऊन राहिली का?
गाढ झोपलो. देवाची कृपा.

२ डिसेंबर
गोळ्या संपल्या. दवाखान्यात गेलो नाही. इंद्रकुमार गोंदियाहून बिनाचिठ्ठीच्या आणून देतो. आता एकीनं भागत नाही. रामकलीनं हटकलं तर म्हणालो, प्रसाद आहे. प्रसाद कोणी मोजत नाही, प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. ही युक्ती मला किती सहज सुचली!

१९ डिसेंबर
माझ्या गोळ्या घेऊन बाकीच्या कोनाड्यात ठेवतो. सकाळी त्यातल्या काही नसतात. दार आतून बंद असतं. रामकलीला विचारलं तर भडकली, मी का तुमच्या गोळ्या भाजीत टाकून खाऊन राहिली?
इंद्रकुमारनं आज सांगितलं की आधीचा चौकीदार याच खोलीत मेला.

२४ डिसेंबर
आज मी बायकोला चोर म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ती भावाकडे, सालेकशाला निघून गेली. जाताना म्हणाली, मी गेल्यावरबी गोळ्या जातीन. मंग कोणाले चोर म्हणाल जी?

२६ डिसेंबर
ती नाही. गोळ्या तरी गेल्या.
दिवा लावायलाही भीती वाटते. कोनाड्याखाली मिलचा कोंडा पसरून ठेवला आहे, पिठासारखा बारीक. जो येतो तो कळेल.

२७ डिसेंबर
पावलं उमटली. कोनाड्यापर्यंत गेली आहेत — आणि तिथून माझ्या अंथरुणापर्यंत आली आहेत.
तळपाय पाहिले. कोंडा माझ्याच तळव्यांना.
उठल्याचं आठवत नाही. खाल्ल्याचं आठवत नाही. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला उतारा तरी टाकता येतो.

२८ डिसेंबर
सगळ्या कालव्यात फेकल्या. सुटलो.

३० डिसेंबर
सुटलो नाही — भिंतीतून कोणी हाक मारतं, माझ्याच आवाजात — आरती विसरलो, पहिली ओळसुद्धा —

२ जानेवारी
फाटकाजवळ झटका येऊन पडलो. इंद्रकुमारनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले. एकदम सोडायच्या नव्हत्या, जिवावर बेततं. हळूहळू कमी करायच्या, त्याही दुसऱ्याच्या हातून. घरी कोण आहे, असं विचारलं.

४ जानेवारी
सालेकशाला गेलो. मेहुण्यांच्या अंगणात, सगळ्यांसमोर रामकलीला म्हणालो, चोर मी आहे. ती म्हणाली, हे मले तईच माहीत होतं, तुम्हालेच नव्हतं. मग पिशवी भरून सोबत आली.
डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिच्या हाती दिल्या. रोजची अर्धी तीच देईल. मी रडलो, पाया पडलो, देवाची शपथ घातली, तरी जास्त द्यायची नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनं पाकीट पदराच्या गाठीत बांधलं.
आता ती चूल पेटवते आहे. पाठ माझ्याकडे. गाठ सैल दिसते. मी नुसता पाहतो आहे. उठणार नाही. लिहीत राहीन, हात वहीवरच ठेवीन, रामकली, मागे बघ, मी उठलो —