टेकडीची वाट

कादेरेयता,
९ नोव्हेंबर १९८५

चि. अम्पारोस, बाबांचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की तुझं पत्र उघडंच पोचलं. टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मुलीनं पाकिटाला असा अर्धा डिंक लावू नये. तुझी आई हेच सांगायची, तिचंही तू ऐकलं नाहीस.

ती गेल्याला या महिन्यात दोन वर्षं झाली. मृतांच्या सणाला तिच्या फोटोपुढे झेंडू ठेवला, तिला आवडायची ती भोपळ्याची मिठाई ठेवली. दुसऱ्या दिवशी मीच खाल्ली. बाकी घरात बोलायला आहेत ती गच्चीवरची निवडुंगं. चार वर्षांपूर्वी बी पेरलेल्या बिस्नागांची आता नखाएवढी गोल डोकी झाली आहेत. त्यांना पिठ्या ढेकूण लागला होता, तो दारूत बुडवलेल्या ब्रशनं एकेक करून टिपला. तुझ्या पाद्रिनोचा, निकानोरचा, गुडघा धरलाय, त्यामुळे आमच्या रविवारच्या टेकडीवरच्या फेऱ्या मार्चपासून बंद आहेत. दुकानात गिऱ्हाइकांच्या दाढ्या करतो आणि लंगडत घरी जातो.

गेल्या आठवड्यात मात्र पाहुणा आला. पासाडेनाचे हॉलिस म्हणून एक गृहस्थ आहेत, तुझ्या शहराजवळचेच. निवडुंगांचे शौकीन. स्पॅनिश तोडकंमोडकं, पण ऐकतात फार छान. मी तीन तास बोललो, त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी जरा फिरून आलो. निघताना मला मिठी मारली. बऱ्याच दिवसांनी कुणी मारली.

जावयाला, तोमासला, आशीर्वाद सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, आणि पाकीट नीट चिकटव.

तुझे,
बाबा

*

लॉस एंजेलिस,
१ डिसेंबर १९८५

ति. बाबांना अम्पारोचा नमस्कार. पाकीट या वेळी तोमासनं चिकटवलंय, उघडलं तर त्याला बोला.

तुम्ही निघताना दिलेलं रोप गेलं. तोमासनंच मायेनं रोज पाणी घातलं. बुडापासून कुजलं. मी त्याला ओरडले, मग दोघं बराच वेळ कुंडीकडे बघत बसलो. कारखान्यात पडदे शिवून शिवून माझी बोटं तुमच्यासारखी झाली आहेत, फक्त काट्यांऐवजी सुया.

तीन तास घड्याळ न बघणाऱ्या त्या पाहुण्यांचं कौतुक वाटलं. कुठल्या झाडाला किती काटे हे जेवताना सांगायचात, तेव्हा आई आणि मी दोघी बघायचो, हे आता कबूल करते. आज तुम्ही सांगाल तर पाच तास ऐकेन. पण कागद होईपर्यंत इथून बाहेर पडता येत नाही. पडलं तर परत येता यायचं नाही. तोपर्यंत पाद्रिनोंकडे जात जा. ते तुमच्याकडे येऊ शकत नसतील, पण तुमचे गुडघे तर धड आहेत ना?

जीव माझ्यात असू द्या, तसा जेवणातही असू द्या.

तुमची,
अम्पारो

*

कादेरेयता,
१६ फेब्रुवारी १९८६

चि. अम्पारोस, आशीर्वाद.

टेकडी रिकामी झाली. गुरुवारी एकटाच चढलो. दोनदा बसावं लागलं. वर गेलो तर नुसते खड्डे.

तू लहानपणी आलेली आहेस. ती जागा मला आणि निकानोरला चोपन्न साली सापडली. तेव्हाच ठरलं होतं की फक्त बी घ्यायचं, झाड उपटायचं नाही आणि परक्या माणसाला वाट दाखवायची नाही. दर वर्षी आम्ही मोजायचो. बिस्नागांची एकशे बारा झाडं होती, त्यातली काही माझ्या आजोबांहून मोठी. आता अकरा आहेत, तीही बुटांखाली चिरडलेली.

आज गावात दोनच माणसांना ठाऊक असलेली जागा. एक मी. मग राहिला कोण? रविवारी चर्च सुटल्यावर चौकात, सगळ्यांसमोर, मी निकानोरला विचारलं की झाडं कुणाला विकलीस. तो हॅट हातात घेऊन उभा राहिला. इतकंच म्हणाला की कोंपाद्रे, गड्या, नीट आठवून बघ. मी म्हणालो, आठवायचं काही नाही. त्यानं हॅट घातली आणि निघून गेला.

जो तुझा पाद्रिनो, बाप्तिस्म्याला ज्यानं तुला हातावर धरलं, त्यानं हे केलं. आणखी काय लिहू.

तुझे,
बाबा

*

लॉस एंजेलिस,
११ मार्च १९८६

ति. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र चारदा वाचलं. टेकडीसाठी रडले, मग पाद्रिनोंसाठी. आईच्या आजारात रोज सकाळी येऊन तुमची दाढी कोण करून जायचं, हे तुम्ही विसरला नसाल. तो माणूस झाडं विकेल?

एक विचारते, रागावू नका. नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलंत की पाहुण्यांबरोबर फिरून आलात. कुठे गेला होतात?

माझ्या या प्रश्नापेक्षा माझ्यावरची माया मोठी आहे, हे धरून चालते.

तुमची,
अम्पारो

*

कादेरेयता,
१३ एप्रिल १९८६

चि. अम्पारोस, आशीर्वाद.

फिरायला म्हणजे फिरायला. हजार मैलांवर बसून बापाची चौकशी करू नये.

सोबत मिस्टर हॉलिसना एक पत्र ठेवलं आहे. आधीची दोन त्यांना मिळालेली दिसत नाहीत, तिकडच्या टपालाचा गोंधळ असणार. पत्ता वर आहे. तू स्वतः नेऊन दे. टेकडीचं ऐकून त्यांना फार वाईट वाटेल. कुठे तक्रार करायची तेही त्यांना माहीत असेल.

निकानोरच्या दुकानात कुणी जात नाहीसं झालं. त्यानं ते बंद केलं आणि सान हुआन देल रिओला मुलीकडे राहायला गेला. बरं झालं, असं औषधवाला म्हणाला.

उत्तर लवकर दे.

बाबा

*

लॉस एंजेलिस,
२७ जुलै १९८६

ति. बाबांना नमस्कार.

तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. पत्रं मिळाली नाहीत असं खोटं लिहिलं होतं, ते फाडलं.

मी मे महिन्यातच पासाडेनाला गेले होते. हॉलिसनी दार उघडलं, तुमचं नाव ऐकून आनंदानं आत नेलं, लिंबाचं सरबत दिलं. मग काचघर दाखवलं. बाबा, ती तिथे होती. एका लांब टेबलावर, मुळं कापलेली, खडीवर ओळीनं ठेवलेली. सुरुवातीला मी मनाची समजूत घातली की बिस्नागांची झाडं सगळी सारखीच दिसतात. मग ते एक दिसलं. मी सात वर्षांची असताना टेकडीवर पाय घसरून त्याच्यावर बसले होते, आईनं तासभर काटे काढले होते, आणि पुढे ते त्या बाजूनं चपटंच वाढलं. पाद्रिनो त्याला अम्पारोची खुर्ची म्हणायचे. त्याच्यापुढे किमतीची चिठ्ठी होती.

हॉलिस म्हणाले की शेळ्यांच्या तोंडातून मी ही वाचवली. वाट दाखवणारे म्हातारे गृहस्थ फार उमदे होते, असंही म्हणाले. तुमचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर आले. जाब विचारला नाही. माझे कागद झालेले नाहीत, त्यांनी पोलीस बोलावले असते तर काय, हे मनात आलं. त्याची लाज अजून जात नाही.

दोन महिने थांबले ते यासाठी की तिथे तुमच्याजवळ कुणी नाही, आणि हे वाचताना कुणीतरी असायला हवं होतं.

तुमचीच,
अम्पारो

*

कादेरेयता,
१४ सप्टेंबर १९८६

चि. अम्पारोस, आशीर्वाद.

तू लाज धरू नकोस. ती माझ्या वाट्याची आहे.

तुला खरं सांगतो. फेब्रुवारीत त्या खड्ड्यांत उभा होतो, तेव्हाच मला सगळं आठवलं होतं. टेकडी उतरता उतरता मी ते विसरायचं ठरवलं. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तीन तास माझं ऐकलं होतं. तो माणूस चोर ठरला असता तर माझे ते तीन तासही गेले असते. निकानोरला दोष दिला की ते राहत होते. एवढाच हिशेब मी केला.

गेल्या रविवारी चौकात उभा राहून सगळ्यांना सांगितलं. वाट मी दाखवली, निकानोर निर्दोष आहे. लोकांनी ऐकून घेतलं. औषधवाल्यानं विचारलं की कसली झाडं. बेकरीवाली म्हणाली, जाऊ द्या, झालं ते झालं. त्याच्या दुकानात जाणं का सोडलं, हेच कुणाला धड आठवत नव्हतं. फिदेन्सिओ पोस्टमास्तर (म्हणजे मी) काहीतरी म्हणाला होता, एवढंच. माझ्या शब्दाला गावात इतकं वजन असेल याची मला कल्पना नव्हती.

आता निकानोरकडे जायचं आहे. दोनदा बसस्टँडवरून परत आलो.

गेल्या वर्षीचं थोडं बी उरलं होतं, ते विटेच्या चुऱ्यात पेरून वर काच ठेवली आहे. उगवलं तर सुपारीएवढं व्हायला दहा वर्षं लागतील. मी एकाहत्तर पूर्ण केली.

तुला माझ्याबद्दल जे वाटत होतं, त्यातलं काही शिल्लक असेल तर कळव.

बाबा

*

सान हुआन देल रिओ,
२३ नोव्हेंबर १९८६

चि. अम्पारोस, तुझ्या पाद्रिनोचे आशीर्वाद. मी चौथी शिकलेला माणूस, तुझ्या बापासारखं लिहिता येत नाही. पण तू विचारलंस म्हणून कळवतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो आला. मी लेकीच्या ओसरीवर खुर्ची आणि आरसा मांडून केस कापतो. तीन गिऱ्हाइकं पुढे होती. तो रांगेत बसून राहिला. पाळी आल्यावर खुर्चीत बसला, मी कापड बांधलं, आणि त्यानं आरशाकडे बघत सगळं सांगितलं.

मी म्हणालो, मला माहीत होतं. त्या दिवशी मी दुकानाचे टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेलो होतो. तू त्या उंच माणसाला घेऊन टेकडीच्या वाटेला लागलेला मला दिसलास. त्यानं विचारलं, मग चौकात बोलला का नाहीस? मी म्हणालो, तुझी बायको गेली, लेक सरहद्दीपलीकडे, तुझ्याजवळ शब्द तेवढा उरला होता. तो चारचौघांत कसा मोडू? वाटलं, आठवेल तुझं तुला. महिना थांबलो, दोन महिने थांबलो. मग मलाही राग आला.

तो रडला. मला वस्तरा बाजूला धरावा लागला.

पुन्हा ये असं मी म्हणालो नाही. पुढच्या रविवारी तो आलाच. केस वाढलेले नव्हते, तरी कापले. तेव्हापासून दर रविवारी दीड तास बसमध्ये बसून येतो. गावी परत चल म्हणाला, मी नाही म्हणालो. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हे खरंच आहे, पण राग अजून उतरलेला नाही हे जास्त खरं आहे, आणि ते त्यालाही कळतं. आग्रह करत नाही. पेरलेल्या बियांतल्या किती वर आल्या ते सांगतो. मी कधी ऐकतो, कधी ऐकत नाही.

आता त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही. गेल्या रविवारी मी आवाज व्हावा म्हणून नुसती कात्री कानांभोवती हवेत चालवली. चांगली वीस मिनिटं. तोही मान खाली घालून बसला होता. झाल्यावर मी मानेवरचं कापड झटकलं, त्यानं पैसे ठेवले आणि आरशात दोन्ही बाजूंनी बघून म्हणाला, छान झालेत.

तुझे कागद झाले की ये. लोभ वाढव असं मी कुणाला सांगत नाही, आहे त्यात भागतं.

तुझा पाद्रिनो,
निकानोर