हळदीच्या डब्यातला रुपया

श्रीयुत किसनराव व्याहीबुवा यांस पंजाबरावाचा अमरावतीहून हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. अकोल्याच्या उन्हात तुमचा गुडघा आणि विहीणबाईंचा दमा कसा आहे ते सविस्तर कळवावे. (मागल्या पत्रात तुम्ही फक्त म्हशीची तब्येत कळवली होती.)

पत्रास कारण तुमची कन्या. व्याहीबुवा, मी सारी उमर तहसिलीत नाझर होतो. सरकारी खजिना माझ्या हाताखाली, त्याला दोन कुलपे आणि दारात बंदूकवाला शिपाई, तरी मला झोप नसे. आमच्या वच्छलेच्या खजिन्याला कुलूपच नाही. एक तारखेला गोवर्धनचा पगार आणि माझे पेन्शन हाती आले की ती चुलीपुढे बसते आणि सगळी रोकड मसाल्याच्या डब्यांत पुरते. हळदीत किराण्याचे पैसे, हिंगात औषधपाण्याचे, धन्यात दूधभाजीचे आणि तिखटात दिवाळीचे (तिथे सहज म्हणून कोणाचा हात जाऊ नये). ज्या डब्यातले पैसे संपले तो खर्च एक तारखेपर्यंत बंद. मागल्या महिन्यात धन्याचा डबा लवकर आटला, तर प्रत्यक्ष तुमचे जावई महिना संपेपर्यंत मुकाट्याने काळा चहा प्याले. एवढा धाक मी डिप्टी कमिशनरसाहेबाचाही पाहिला नव्हता.

आता मूळ हकिकत. आमच्या खजिन्यावर बंदूक घेऊन उभा राहणारा अब्दुल रहीम हल्ली माझ्यासारखाच घरी बसून आहे. संध्याकाळी आम्ही ओट्यावर गप्पा मारतो. परवा त्याच्यापुढे माझी जीभ घसरली आणि माझ्या हुकमावाचून घरातली पै हलत नाही, असे मी बोलून गेलो. तो म्हणाला, "मंग नाझरसाब, जिलेबी होऊन जाऊ द्या." आता माघार कशी घ्यायची? वच्छला विहिरीवर गेलेली. हळदीत हात घातला, एक रुपया काढला, बोटे धोतराला पुसली आणि नत्थुजी हलवायाचे दुकान गाठले.

नत्थुजीने रुपया नाकाशी नेला आणि परत माझ्या हातावर ठेवला. "हा वच्छलाबाईचा किरान्याचा रुपाया हाय," तो म्हणाला. "जिलेबीत कसा घेऊ? उद्या त्या मले काय म्हनतीन?" व्याहीबुवा, मी थक्क झालो. सरकारी नाणे, वर बादशहाचे तोंड, तरी इतवारा बाजारात ते चालेना, कारण त्याला हळदीचा वास. आमच्या घरचा कोणता पैसा कशाचा हे म्हणे साऱ्या बाजाराला वासावरून कळते. अब्दुल रहीम हळूच म्हणाला, "आपन बंदूक घेऊन खजाना राखला नाझरसाब, अन् इथं हळदच पहारा देऊन राह्यली."

मी चिडलो. नळावर रुपया घासून धुतला, पार दुसऱ्या टोकाच्या अनोळखी दुकानात गेलो आणि रागाच्या भरात सबंध रुपयाची जिलेबी घेतली. (रुपयाची जिलेबी किती होते हे तुम्ही कधी पाहिले नसेल. पाहू नका.) दिसेल त्याला वाटली तरी संपेना, आणि मला तर एक घास गोड लागला नाही. घरी आल्यापासून मी वच्छलेकडे मान वर करून पाहिलेले नाही. सरकारच्या खजिन्यातली कवडी मी कधी हलवली नाही, आणि सुनेच्या हळदीत हात घातला. फार लाज वाटते. अशी सून आमच्या घरात आली हे आमचे भाग्य, आणि तिने मला चोर समजावे हे काही मला सोसायचे नाही.

विहीणबाईंना नमस्कार. म्हशीला गोंजारावे.

आपला,
पंजाबराव

ता. क. किराण्यासाठी ती हळदीचा डबा उघडेल त्याआधी एक रुपया पाठवावा. मुलाकडच्याने मुलीकडच्यांपुढे हात पसरणे शोभत नाही हे जाणतो, म्हणून वर लिहिले नाही. मात्र रुपया चांगला हळदीत मुरवून मगच येत्याजात्या माणसाच्या हाती द्या. मनिऑर्डर नको, तिच्या पैशाला कसलाच वास नसतो.

आणखी ता. क. पाकिटाचे पैसे मागायला वच्छलेकडे गेलो, तर तिने फळीवरून एक नवा डबा काढून माझ्या हाती दिला. आत गूळ, आणि गुळात एक रुपया. "मामाजी, हा डबा तुमचा," ती म्हणाली. "जिलेबी खावीशी वाटली तं याच्यातून घेत जा. हळदीत हात नोका घालू, धोतराचा डाग निंगत नाही मंग." मी खाली पाहिले. धुतलेल्या धोतरावर चार पिवळी बोटे स्वच्छ उमटलेली. माझे डोळे भरून आले. तिखट गेले असेल, असे मी सांगितले.

शेवटचे ता. क. तरीही रुपया पाठवाच. फक्त हळदीत नको, गुळात मुरवा.