काकींची कातरण

बारामती, गुरुवार, १२ डिसेंबर १९९६

कात्रीचा आवाज अजून कानात आहे. एवढ्या पातळ भाकरीचा आवाज तो केवढा, पण जात नाही.

आई होती तोवर चर्चच्या मिस्सात, प्रार्थनाविधीत, वाटायची पापडासारखी भाकर आमच्या चुलीवर, लोखंडी साच्यात व्हायची. गोल चकत्या कापून चर्चमध्ये जायच्या आणि उरलेली कातरण दूध घालायला येणाऱ्या सांगवीच्या काकींना. हिंदू बाई, पण आवडीनं खायच्या. "गोल तुमच्या देवाची, कातरण आमची," म्हणायच्या. आता चर्चची भाकर पुण्याहून पाकिटात आमच्याकडे येते, कापलेलीच. कातरण कुठली?

काल त्यांचे यजमान तात्या आले. काकींनी अन्न सोडलंय. "तेवढी कातरण मागती." नाही कसं म्हणू? फादर वर उचलून धरतात ती क्रूस उमटलेली मोठी भाकर पाकिटातून काढली. वेदीवर जाऊन अजून ख्रिस्ताचं शरीर न झालेली, साधीच. आत जाऊन कात्रीनं वेडेवाकडे तुकडे केले आणि पुडी बांधून दिली.

आज संध्याकाळी तात्या पुडी परत घेऊन आले. "म्हातारीच्या बोटाला क्रूस लागला. म्हनली, ही कातरण न्हाय, देवाची हाय. माघारी दे." माझ्याकडे न बघताच गेले.

वेदीवर गेलेली नाही, म्हणजे नुसतं पीठच ना? मग तोंडात का टाकवत नाही? कात्रीही पुन्हा हातात घेववत नाही.

शेवटी तुकडे ताटलीत जुळवत बसले. कड सगळी जमली, गोल झाला. मधला, क्रूसाचा तुकडा तेवढा नाही. पुडी झटकून पाहिली.

काकींनी तो ठेवून घेतलाय.