सात कोरी मिनिटं

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

या पत्राबरोबर खोक्यात माझा लॅपटॉप आहे. फोन का नाही केला, असं विचारू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, वर तुझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांशीही बोलत असतोस. पत्र तरी मुकाट्याने शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तर झालं असं. परवा फौजदारी कायद्याचा तास चालू होता. नेहमीप्रमाणे मी वकिलीणबाईंच्या शेजारी बसून सर बोलतील ते टाइप करत होते आणि ती समोरच्या पडद्यावर वाचत होती. (तुझी बायको विचारेल म्हणून सांगते, वकिलीणबाई म्हणजे तीच, कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिला अजिबात ऐकू येत नाही आणि तिचे कान म्हणून मी दोन वर्षं कॉलेजात नोकरी करते आहे.) आणि मध्येच लॅपटॉप अडकला. थोडाथोडका नाही, सात मिनिटं. सर बोलताहेत, बाकीची मुलं लिहून घेताहेत, आणि माझी पोरगी कोऱ्या पडद्याकडे बघत बसलेली. असा संताप आला की ते यंत्र उचलून खिडकीबाहेर फेकावं.

ही बातमी कुणीतरी कार्यालयात पोचवली. तिथल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तेवीस तारखेला तोंडी परीक्षा आहे, तोवर भरवशाचं यंत्र आणा, नाहीतर परीक्षेला आम्ही आपोआप लिहिणारं सॉफ्टवेअर लावू. ते सॉफ्टवेअर मी पाहिलं आहे. तीन माणसं बोलली तर तिघांचं बोलणं एकाच्याच तोंडी घालतं. तीन परीक्षकांपुढे ते लावलं तर कुणी काय विचारलं तेच पोरीला कळायचं नाही, आणि तोंडी परीक्षेत नापास म्हणजे वर्ष गेलं. मी त्यांना तोंडावर सांगून आले की यंत्र बदलेन, पण तिच्या शेजारच्या खुर्चीवरून मी उठणार नाही.

म्हणून इथल्या एका दुकानात गेले. एक राखाडी रंगाचा पातळसा लॅपटॉप बरा वाटला. दुकानदार म्हणाला, डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, उघडे ठेवून घेते, आधी मला एक स्टूल द्या. अडीच तास त्या स्टुलावर बसून दुकानात जो जे बोलेल ते सगळं मी त्या राखाडीवर उतरवून काढलं आणि मग दुकानदाराला वाचून दाखवलं. बॅटरी एका गिऱ्हाइकाला दहा तास चालणार होती, दुसऱ्याला सात, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिवसभर. वेळेसकट लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. तरी यंत्र चांगलं वाटलं, बटणं हलकी आहेत. त्या लॅपटॉपच्या नावाची चिठ्ठी खोक्यात ठेवली आहे. हा भरवशाचा आहे का, तेवढं सांग. आणि जुन्याचं पोट उघडून त्याने कशामुळे दगा दिला तेही बघ.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवायचं काम तुझं.

तुझी
ताई


७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. तू लॅपटॉपला इतक्या चिंध्यांत गुंडाळलं होतंस की आधी वाटलं, जुने कपडेच पाठवलेस. आम्ही दोघं मजेत. दुकानदाराची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगून टाकली आहे. तू माझ्या दुकानात आलीस तर स्टूल मिळणार नाही, आधीच सांगतो.

आता तुझा राखाडी. तसे दोन मी उघडून पाहिलेत. तापत नाही, बिजागरी घट्ट आहे, बटणं टिकणारी आहेत. मेमरी आत कायमची डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही, ही एक खोट. बॅटरी सहा तास, म्हणजे दुकानदाराच्या तिन्ही आकड्यांच्या खाली. पण भरवशाचा आहे का, असं विचारशील तर आहे.

तरी घाई करू नकोस. तुझा जुना मी तीन दिवस अखंड चालवला. पंखा साफ केला, डिस्क तपासली, मुद्दाम तापवून पाहिला. पठ्ठ्या एकदाही अडकला नाही. मीच जोडून दिलेला आहे म्हणून त्याची बाजू घेतोय असं तुला वाटेल, आणि घेतोच आहे. पण रोग सापडल्याशिवाय मी परक्या गिऱ्हाइकालाही नवा घ्या म्हणत नाही. तेव्हा नीट आठवून लिही. तो अडकला तेव्हा माउस हलत होता का? कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं का? तू नेमकं काय केलंस?

उत्तराची वाट बघतो. आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आहे की उलटतपासणी? कोर्टात बत्तीस वर्षं मी लोकांच्या उलटतपासण्या उतरवून घेतल्या, माझी कुणी घेतली नव्हती. ती हौस माझ्या सख्ख्या भावाने भागवली. माउस हलत होता का, ते मला काय माहीत? घड्याळाकडे कोण बघत बसतंय? यंत्र अडकलं म्हणून सांगितलं ना एकदा.

आणि जुन्याचे फार गोडवे गाऊ नकोस. सोमवारी पुन्हा तेच झालं, तेही कॉलेजच्या उसन्या लॅपटॉपवर. चार मिनिटं. म्हणजे हल्लीची यंत्रं सगळी एका माळेचे मणी. पोरीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बोटाने यंत्राकडे दाखवलं, तिने मान हलवली आणि पुन्हा कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. ते बघून मी ठरवलं की आता बास.

वीस तारखेला राखाडी घरी येतो आहे. दुकानदाराला बांधून ठेवायला सांगितलंय. तुला पत्र लिहिलं ते माहितीसाठी, परवानगीसाठी नाही. लहानपणी तुझ्या पाट्या मी पुसून दिल्या आहेत, हे विसरू नकोस. वरचा शाईचा डाग मनावर घेऊ नकोस, पेन हातातून निसटलं.

बाकी ठीक. राग आहे, पण लोभ त्याच्यापेक्षा जुना आहे.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जे होईल ते होईल.

तुझी फाईल दर मिनिटाला आपोआप जतन होते. दोन वर्षांपूर्वी ती सोय मीच करून दिली होती. प्रत्येक वेळी किती वाजता जतन झाली, तेही यंत्र आत लिहून ठेवतं. त्या दिवशीच्या तासाची नोंद मी काढली. दहा बावीसपासून दहा एकोणतीसपर्यंत यंत्राने सातही वेळा फाईल जतन केली आहे. अडकलेलं यंत्र असं करत नाही. ते चालू होतं, तुझी वाट बघत होतं. त्या सात मिनिटांत त्याच्याकडे एकही अक्षर आलं नाही.

आणि सोमवारचं म्हणशील, तर दोन वेगळी यंत्रं एकाच बाईच्या हाताखाली एकाच तऱ्हेने अडकली, असं माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात झालेलं नाही. ताई, तुझ्या हाताला काय झालंय?

राखाडी घ्यायचा तर खुशाल घे. चांगला आहे म्हणालो ते खरं आहे. पण तेवीस तारखेला तोही असाच अडकेल आणि तेव्हा दोष द्यायला काही उरणार नाही. मला घाबरायला होतंय. बायको म्हणते, असलं पत्रात लिहितात का, फोन करून हळूच विचारायचं. पण फोनवर तू तरी मला कुठे बोलू देतेस?

रागव, पुढच्या भेटीत कान धर, पण उत्तर टाळू नकोस.

तुझा
धाकटा


१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी रागावून घेते. माझ्या फाईलीत नाक खुपसायला तुला कुणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं, तेही खरंच. झालं रागावून.

होय, हात. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मध्येच बधिर होतात. बटण दाबलं गेलं की नाही तेच समजत नाही. जानेवारीत सुरू झालं. पहिले चार दिवस मला प्रामाणिकपणे यंत्रच वाटलं. पाचव्या दिवशी चहाचा कप हातातून गेला तेव्हा कळलं, आणि तरी मी यंत्रच म्हणत राहिले. यंत्र बिघडलं तर यंत्र बदलतात रे. हात बिघडला तर बाई बदलतात. भीती वाटली मला. लिहून टाकलं एकदाचं.

तुझं पत्र वाचून त्याच दिवशी पोरीला सगळं सांगितलं. वाटलं रडेल, नाहीतर माझीच समजूत घालेल. ती भडकली. वही ओढली, लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली. तिचे शब्द जसेच्या तसे देते: ‘तुम्ही यंत्र म्हणालात म्हणून मी गप्प बसले. यंत्रासाठी कुणी तास थांबवत नाही. हात म्हणाला असतात तर मी तास थांबवला असता.’ दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. मला लाज वाटली, आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. बोटं गेली की मी डाव्या हाताने चांदणीचं चिन्ह दाबायचं. ते पडद्यावर दिसलं की तिने हात वर करायचा आणि पुढचा शब्द येईपर्यंत परीक्षा थांबवायची. तिने स्वतः अर्ज लिहिला, आम्ही दोघी कार्यालयात गेलो. बाई म्हणाल्या, असा नियम नाही, त्यापेक्षा सॉफ्टवेअर लावू, ते दमत नाही. मी म्हटलं, लावाच, आत्ताच लावा, आपलं हेच बोलणं लिहू दे त्याला. लावलं. बाईंनी नकार दिला तो त्याने पोरीच्या तोंडी घातला. पडद्यावर पोरगी स्वतःचाच अर्ज स्वतः फेटाळत होती. ते तिने बाईंकडे फिरवून दाखवलं आणि पेन पुढे केलं. बाईंनी सही केली.

डॉक्टरला दाखवलं. मनगटातली शीर दबली आहे, छोटं ऑपरेशन आहे. उद्याच करू म्हणाले. मी पंचवीस तारीख घेतली, आधी नाही. ओरडायचं असेल तर ओरड, तारीख बदलणार नाही.

राखाडी घेतला नाही. तो भरवशाचा आहे, तुझं म्हणणं पटलं. मीच त्याला माझ्या हातावर पांघरूण म्हणून घालायला निघाले होते. तेव्हा माझा जुना लगेच पाठव, चिंध्यांसकट.

तुझ्या बायकोला सांग, तू पत्रात विचारलंस तेच बरं केलंस. लोभ असू दे, जरा जास्तच असू दे सध्या.

ताई


२८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. उजव्याला बँडेज आहे. बोटं हलतात, डॉक्टर खूश आहेत.

पोरगी पास झाली. तिघांनी मिळून तिला दीड तास पिळून काढलं. तुझा लॅपटॉप एकदाही अडकला नाही, कॉलर ताठ कर. माझा हात मात्र दोनदा गेला. पहिल्यांदा मिनिटभरात परत आला. दुसऱ्यांदा मधल्या परीक्षकांचा प्रश्न अर्धा झाला होता. मी चांदणी दाबली, तिने हात वर केला, ते थांबले. एक मिनिट झालं, दोन झाली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. कार्यालयातल्या बाई दाराशी येऊन खाकरल्या. पोरीने हात खाली घेतला नाही. चार मिनिटांनी तो अवघडला तेव्हा दुसऱ्या हाताने कोपर धरलं, पण वरच ठेवला. मी मांडीवर बोटं चोळत होते.

कोर्टात मी जन्मभर लोकांच्या बोलण्यामागे धावले. न्यायाधीश असोत की साक्षीदार, माझ्यासाठी कुणी कधी थांबलं नाही, आणि थांबा म्हणायचं मलाही कधी सुचलं नाही.

मग बोटांत जीव आला. मी पोरीला खूण केली, तिने हात खाली घेतला. मधले परीक्षक बोलायला तोंड उघडणार, तोच मी त्यांना हाताने थांबवलं. चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, पुन्हा घातला, खुर्ची पुढे ओढून घेतली. तिघं बघत बसले होते. मग म्हटलं, हं, विचारा आता.

पुरे, हात भरून आला. सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुझा लोभ मी गृहीत धरते.

ताई