फरशीखाली गेलेला खड्डा

बाबा, मला भीती वाटते आहे आणि ती बोलून दाखवावी असं या घरात कुणी नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. वायरमनची पोरगी करंटला भिते म्हणून तुम्ही हसला नसता, एवढं मला माहीत आहे. सारा जन्म अमरावतीतल्या लोकांच्या भिंतींतून वायरी ओढल्यात, तरी बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच पडलाय की नाही ते तीनदा बघायचात. लोक चिडवायचे. तुम्ही म्हणायचात, "जो भेते, थोच मातारा होते." आणि बिडी पेटवून पुन्हा एकदा बघायचात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही इथे अकोल्याला घराच्या बाजूला गॅरेज बांधलं. गाडी म्हणजे चार्जिंगची एक स्कूटर, पण ह्यांना गॅरेज हवंच होतं. मग धुण्याचं मशीनही तिकडेच नेलं. वायरमन दोनदा "उद्या येतो" म्हणून आलाच नाही, तेव्हा मी म्हटलं, मीच करते. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहीर खणायला निघाले होते. मी भिंतीला झिरी पाडली, पाइप बसवला, वायरी ओढल्या, स्कूटरसाठी एक आणि मशीनसाठी एक असे दोन मोठे सॉकेट लावले. हिरवी वायर घरामागच्या जुन्या अर्थिंगला जोडली. मग तुमच्यासारखाच शंभरचा बल्ब घेतला, त्याची एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग पक्कं! मी सगळ्यांना बोलावून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "बापाची पोरगी हाये." त्या दिवशी मी हवेत होते.

महिन्याभरानं मागच्या अंगणात फरशी घातली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घरभर होतो, म्हणून हट्ट माझाच. गवंड्यानं अर्थिंगच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं, "बाई, याचं काय कराचं?" मी म्हटलं, "बुजवून टाका, फरशी एकसारखी दिसली पायजे." दोन दिवसांत अंगण गुळगुळीत झालं.

हे मी कसं बोलले? आपल्या घरी मोरीमागे तो खड्डा होता, मीठ-कोळसा घालून तुम्ही स्वतः भरलेला. होळी झाली की मृग लागेपर्यंत रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचं, ते काम माझं. शेजारीण हसायची, "वायरमन खड्ड्याले पाणी पाजून राह्यला." एका उन्हाळ्यात मला कंटाळा आला. चार-पाच दिवस मी ती बादली मोगऱ्याला घातली. तुम्ही कामावरून येता, खड्ड्यात पाहता, बल्ब लावता. बल्बची तार नुसती लाल होते. तुम्ही मला जवळ ओढून भेगा दाखवता, हाताची चार बोटं आत जातील एवढ्या. "माती फाटली का करंट कुठून जाईन? तुह्या मायच्या अंगातून जाईन. बल्ब पेटल्याबिगर जेवाले बसाचं नाही." मी रडत रडत सात बादल्या ओतल्या. तोवर तुम्हीही जेवला नाहीत. आमरस होता त्या दिवशी.

या मे महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मशीनले हात लावला का मुंग्या येऊन राह्यल्या वो." मी भाजी निवडत होते. वर न बघता म्हटलं, "शुगरच्या असतीन, आई. डॉक्टरले दाखवू." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते काढलंच नाही. चौथ्या दिवशी मी न्हाऊन ओल्या पायांनी गॅरेजात गेले, मशीनचं झाकण उघडायला हात लावला आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की मी मागे भिंतीवर आदळले. पडल्या पडल्या मला एकच दिसलं, सासूबाई रोज इथेच अनवाणी उभ्या राहतात, पाण्यात.

मी उठले. मेन पाडला, मशीनची पिन काढली, चप्पल घालून पुन्हा मेन चढवला आणि बल्ब लावला. तार लाल झाली, बस. मग मी पहार आणली आणि माझी गुळगुळीत फरशी फोडली. ह्यांना वाटलं, मला वेड लागलं. खाली माती वाळून लोखंडी पाइपापासून सुटली होती, मधे बोटभर फट. मी पाणी ओतत राहिले, किती बादल्या ते आठवत नाही. बल्ब पेटला तेव्हा मला हुंदका आवरला नाही.

मशीनच्या मोटरमधून करंट उतरत होता, ती बदलली. करंटची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवला, जो मी आधीच बसवायला हवा होता. खड्डा उघडा आहे, रोज पाणी जातं. तरीही रोज सासूबाई गॅरेजात गेल्या की मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून कान देते. बादली आपटल्याचा आवाज आला की मग पोळी उलटते. उशीर झाला तर पोळी जळते. बाबा, ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांनी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

घरात मी एवढंच म्हटलं की मशीन खराब होतं. खड्ड्याचं कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. हा कागद मी चुलीत घालीन. आमच्याकडे आता चूल नाही, पण काहीतरी करीन. सासूबाईंना मी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी मुंग्यांसाठी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. आता सासूबाई सगळ्यांना सांगतात, सुनेनं डॉक्टरले दाखवलं, गोळीनं मुंग्या गेल्या. आज सकाळीही मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि पाणी दिलं.