तुळशीपर्यंत भिंत

५ जानेवारी, सोमवार

मेस्त्री येणार नाही! फोनवर म्हणतो कसा, "अम्मा, पोंगलला पोरं सगळी ओरत्तनाडूला गावी जातात. एवढ्याशा भिंतीसाठी कोण थांबणार? मासी महिन्यात बघू." मासी, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य! तोवर माझ्या घराला दुसऱ्याचे पाय लागलेले असतील.

पोराने, गिरीशने, साफ सांगितलंय. रथसप्तमीला तो ह्यांना घेऊन बंगळूरहून येणार. कोल्लैतली, म्हणजे मागच्या परसातली, वाट धोक्याची वाटली तर आम्हां दोघांना गाडीत घालून नेणार, आणि घर भाड्याने. शिकवणीवाला एक जण बघूनही गेला. तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, उभं राहून म्हणे, "बोर्ड इथं लावू." लावतोय बोर्ड!

सगळं त्या एका पडण्यावरून. कार्तिकात मागच्या दारापासून तुळशीपर्यंतच्या वाटेवर शेवाळ झालं होतं. रोजच्यासारखे दोघं पहाटे तुळशीला पाणी घालायला निघालो, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर. ह्यांचा तोल गेला, आणि मला घेऊनच पडले. मला गुडघ्याला खरचटलं तेवढंच, कारण मी ह्यांच्यावर पडले. ह्यांचं मनगट मोडलं. गिरीशने दोघांना बंगळूरला नेलं; घर बघायला म्हणून मी एकटीच परत आले. तेव्हापासून "अप्पांना बॅलन्स नाही" हा गिरीशचा जप. आणि हे गप्प! जन्मभर बांधकाम खात्यात माणसांवर ओरडले, आता पोरापुढे तोंड उघडत नाहीत.

गिरीश म्हणाला होता, लोखंडी पाईप लावू. ओल्या हाताने पाईप धरायला मनगटात जोर नको? भिंतीवर कोपर टेकता येतं, दमलं तर बसताही येतं. पडलेल्या गोठ्याचा पाया त्या वाटेच्या कडेलाच आहे. विटांचा ढीगही तिथंच पडलाय. मेस्त्री नाही तर नाही. मी बांधणार.

६ जानेवारी

सिमेंट आलं, वाळू आली. वाळू काळपट. अंबाला दाखवली. अंबा शेजारची, माझ्यामागून दोन महिन्यांनी ह्या गल्लीत लग्न होऊन आलेली. म्हणते, "वाळूसारखी वाळू. चाखून बघतेस काय?"

ह्यांना फोन केला. आधी हसले. मग म्हणाले, "काचेच्या बाटलीत वाळू घाल, पाणी घाल, हलव आणि ठेव." लोणच्याची बाटली घेतली. जेवून येऊन बघते तर वाळूवर बोटभर चिखलाची साय! तांदूळ धुतात तशी धुतली, पाणी निवळ येईपर्यंत. संध्याकाळ झाली. चिखलात डाव्या पायातली चप्पल दोनदा निसटली. पट्टा सैल झालाय.

बरं आहे मी हे देवनागरीत लिहिते. माझ्या वडिलांनी लहानपणी मारून-मुटकून शिकवली. इकडे तमिळ मुलखात घरात दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नाही, त्यामुळे गिरीशला मनसोक्त शिव्या घालता येतात. गाढव कुठला.

८ जानेवारी

फजिती! एक घमेलं सिमेंट, पाच घमेली वाळू. माप बरोबर घेतलं. पण पाणी? सगळी बादली एकदम ओतली. माल झाला डोशाच्या पिठासारखा पातळ. वीट ठेवली की पोहायलाच लागते. दुसरी ठेवली तर पहिली सरकते. सिमेंटचं पाणी एकीकडून वाहून तुळशीच्या मुळाशी गेलं, ते हाताने अडवत बसले.

अंबा कुंपणाशी उभी. "काय गं विशालम, ह्या वयात मेस्त्रीण झालीस?" मी म्हटलं, "ये, चित्ताळ हो माझी, घमेली उचल." पळाली.

९ जानेवारी

हात सुजलेत. आज नाही.

१० जानेवारी, शनिवार

काल रात्रीच ठरवलं होतं, पाणी कमी. आज कमी घातलं. माल घट्ट, छान दिसला. दोन थर लावले, अगदी सुरेख! दुपारी सहज वरची वीट उचलून बघितली तर डब्याचं झाकण निघावं तशी निघाली. खाली माल कोरडा भुगा.

ह्यांना फोन.

"विटा भिजवल्यास का?"

"विटा कशाला भिजवायच्या? डाळ आहे?"

"अगं, कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग सिमेंट कशावर जगणार? आदल्या दिवशी भिजत घाल. बुडबुडे थांबले की काढ."

हे परवा सांगायला काय झालं होतं! म्हणतात, "तू विचारलं नाहीस." पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, तुळशीआई जाणे.

मग एकदम म्हणाले, "उंची किती धरलीस?"

"माझ्या हाताला येईल इतकी. तुमचा हात कुठे आहे इथं मोजायला?"

मला वाटलं आता इंच सांगतील, रागावतील. "असू दे. बरोबर आहे," म्हणाले. "पण दिखाऊ नको. सगळा भार टाकता आला पाहिजे." आणि फोन ठेवला. बरं वाटलं. आधी म्हणत होते, भिंत कशाला, काठी पुरे.

११ जानेवारी

जमलं! जमलं! जमलं!

आधी सिमेंट आणि वाळू कोरडीच कालवली. फावड्याने तीनदा उलटीपालटी केली. कुठे करडं, कुठे काळं असं राहता कामा नये. सगळं एका रंगाचं झालं की मध्ये खळगा करायचा, त्यात पाणी, आणि कडेची वाळू हळूहळू आत ओढायची. पाणी तांब्यानेच घालायचं, बादलीने नाही. शेवटचा तांब्या तर हाताच्या ओंजळीने शिंपडला. पिठात तूप किती घालायचं हे कधी कोणी मोजलंय? हाताला कळतं. इथंही कळलं.

थापीवर घेतला तर चिकटून बसला नाही, गळलाही नाही. थापी तिरकी केली की लोण्यासारखा सरकला. थापीच्या टोकाने रेघ ओढली, रेघ उभी राहिली. मुठीत दाबला, लाडू वळला, आणि हाताला पाणी सुटलं नाही. भिजवलेली वीट ठेवून हलकेच ठोकली तर कडेने माल जरासा बाहेर आला. तो थापीने कापून पुढच्या विटेला लावायचा. टप, टप, चर्र. एवढा सुंदर आवाज!

चार थर झाले. सुतळी ताणून बघितली. भिंतीला जरा पोट आलंय, पण माझं तरी कुठे सपाट आहे?

अंबा आली. बघितलं. घरी जाऊन ताक घेऊन आली.

१२ जानेवारी

नवी चप्पल आणली.

१३ जानेवारी

आज घाईत एकदम मोठा ढीग कालवला. म्हटलं, पोंगलच्या आत संपवू. दोन-तीन विटा लावल्या आणि अंबा आली. पापनाशमला तिच्या भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा कुठला, साड्या कोणत्या, कोण रुसलं. पान लावून बसलो. उठले तर माल ताठ. फावडं रुतेना. टाकून द्यायचा? एवढं सिमेंट? पाणी शिंपडलं, पुन्हा कालवला. मऊ झाला! इडलीचं पीठ घट्ट झालं तर आपण काय करतो, तेच. अख्खा एक थर त्यानेच लावला, त्यावर आणखी एक ताज्याचा. बरोबर बसलं.

नवी चप्पलही निसटते. डाव्याच पायातली. हल्ली चपलासुद्धा धड करत नाहीत.

१४ जानेवारी, भोगी

सकाळी पाणी मारायला गेले. कालच्या त्या थराच्या सांध्यात अंगठा दाबला. भुगा! थापीचं टोक घातलं तर आत गेलं. वरचा ताजा थर दगड झालाय, खालचा दगड झालाय, मधला मात्र वाळूच राहिला.

ह्यांना विचारलं. "एकदा धरू लागलेल्या मालाला पाणी दाखवायचं नाही, विशालम. मऊ होतो, पण पुन्हा धरत नाही. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा."

"आता काय करू?"

"तुझी भिंत. तू ठरव."

मेले खडूस! म्हणजे काढ, असंच ना? वरून गिलावा केला की गिरीशला काय कळणार? तो भिंतीवर हात ठेवणार, मान हलवणार, जाणार. रथसप्तमी किती जवळ आलीय. आणि कंबर? कंबरेचं बोलूच नये.

दुपारभर धुसफुसत होते. अंबा म्हणाली, "राहू दे गं, कोण बघतंय?" तिच्यामुळेच झालं आणि वर हे! पण मग डोळ्यांपुढे आलं — तो थर सुटतोय, अंगावर विटा येताहेत, आणि ह्यांचं दुसरं मनगट. उठले. छिन्नी-हातोडी घेतली. दोन्ही थर उतरवले. ताजा चांगला माल विटांवरून खरवडताना रडू आलं. खोटं कशाला लिहू, चांगलं मोठ्याने रडले.

भोगीला लोक जुनं टाकतात. मी कालचं नवं टाकलं.

१५ जानेवारी, पोंगल

मडक्यातलं गूळभाताचं पोंगल उतू गेलं, शुभ झालं. एकटीने "पोंगलो पोंगल" ओरडायला लाज वाटली. अंबा कुंपणापलीकडून ओरडली, मग मीही ओरडले. ह्यांना फोनवर ऐकवलं. तिकडे सूनबाईने कुकरमध्ये केलं म्हणे, शिट्टी झाली.

विटा भिजत घातल्या.

१७ जानेवारी

थोडाच माल, थोड्याच विटा. संपला की उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा कालवायचं. अंबाला सांगून ठेवलं, "बोलायचं असेल तर हातात घमेलं घेऊन बोल." ऐकलंन की! पदर खोचून विटा देत होती. लग्नाच्या साड्या मात्र पुन्हा सगळ्या ऐकाव्या लागल्या. हात चालत होता म्हणून सोसलं.

१८ जानेवारी, रविवार

झाली! तुळशीच्या माडमला, वृंदावनाला, जाऊन भिडली. शेवटच्या थरावर गोलसर लेप दिला, हाताला टोचू नये म्हणून. ओल्या फडक्याने पुसला. मी शेजारी उभी राहिले, हात टेकवला. अगदी जिथे हात सहज पडतो, तिथेच आहे.

आता रोज तिन्ही वेळा पाणी. पोती ओली करून टाकलीत. ह्यांचा हुकूम — "बांधणं सोपं, पाणी मारणं कठीण. लोक तिथंच आळस करतात." हो साहेब.

२१ जानेवारी

पाणी.

२२ जानेवारी

पाणी. तो शिकवणीवाला पुन्हा आला होता. "गिरीश सारांनी तारीख सांगितली का?" मी हातात बादली घेऊनच उभी होते. म्हटलं, "रथसप्तमीनंतर या." गेला. मी चौथ्यांदा पाणी मारलं. भिंत आहे खरी, पण पोराच्या मनात आधीच ठरलं असेल तर?

२४ जानेवारी, शनिवार

आले! हे बारीक झालेत. गाडीतून उतरल्यावर आधी घराच्या उंबऱ्याला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

गिरीश सरळ कोल्लैत. भिंतीला धक्का दिला. दोन्ही हातांनी. मग खांद्याने. मग उडी मारून वर बसला! एवढा मोठा धोंडा झालाय, बंगळूरच्या बिर्याणीवर पोसलेला. मी मागच्या दारात उभी. भिंत ढिम्म. पाय हलवत बसला, लहानपणी गोठ्यात बसायचा तसा.

"अम्मा, खरंच तू बांधलीस?"

"नाही, शिकवणीवाल्याने बांधली."

मग हे चालले, एक हात भिंतीवर. गिरीशने मान तिरकी केली. "जरा बुटकी झाली ना? अप्पांना वाकावं लागतंय." खरंच की! ह्यांचा हात वीतभर वर लागतो. मी माझ्या हाताने मापलं, वेडीसारखी! हेच म्हणाले, "राहू दे रे. बरोबर आहे ती. एक वीटसुद्धा चढवायची नाही."

२५ जानेवारी, रथसप्तमी

डोक्यावर, खांद्यांवर रुईची पानं ठेवून हे न्हाले. तुळशीपाशी उभे राहून सूर्याला अर्घ्य दिलं. गिरीश शेजारी. परतताना तो म्हणाला, "सरी, अम्मा. राहा. पण दर रविवारी व्हिडिओ कॉल." मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उगाच काढली-लावली.

अंबाने खीर पाठवली. "माझीही मजुरी आहे भिंतीत," असा निरोप.

२६ जानेवारी

गिरीश दुपारी गेला. शिकवणीवाल्याला समोरच फोन करून नाही सांगितलं. माझा गुणाचा पोरगा! (गाढव मागे घेतलं.)

पण ह्यांचं काय चाललंय? गिरीश होता तोवर भिंत धरून चालत होते. तो गेल्यावर संध्याकाळी तुळशीपर्यंत सरळ मोकळे गेले, दोन्ही हातांत कॉफीचा टंबलर आणि डबरा, त्याची वाटी! थेंब सांडला नाही. एवढी कंबर मोडून बांधली, आणि हात लावत नाहीत. उद्या विचारणार.

२७ जानेवारी, मंगळवार

विचारलंच. तुळशीकडे जाताना. भिंतीला हात का लावत नाही?

"मला कशाला? कार्तिकात पाय तुझा घसरला होता, विशालम. डावा. मी तुला धरायला गेलो."

मग गिरीशला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर त्याने तुला इथं एकटीला परत पाठवलं असतं का?"

मागे बघितलं. माझी डावी चप्पल दारापाशीच राहिली होती. मला कळलंही नव्हतं.

हे पाणी घालेपर्यंत मी तिथंच थांबले. मग मी भिंत धरली आणि परत आले. भिंत हलली नाही.